सोने घ्यावे कसाला लावून

लग्नसराई जवळ आली की ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. इंदूरचा सराफा रात्रीच्या खाण्यापिण्यासाठी प्रसिद्ध आहे. ग्वाल्हेरच्या सराफ्याची ओळख मात्र सोन्याचांदीचीच. 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेची छावणी घातली. पुढे त्या छावणीचेच शहर झाले आणि त्या शहराला ‘लष्कर’ हे नाव कायमचे चिकटले. त्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकालगत हा बाजार आहे. शिंद्यांच्या आश्रयाने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांचे मंगळसूत्र, पाटल्या आणि ठुशी याच बाजारातून घरी गेल्या आहेत.

अशा गर्दीच्या दिवसांत एखाद्या दुकानात हमखास दिसणारे एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. नवरी मुलगी, तिची आई आणि वडिलांची वृद्ध आत्या गादीवर बसल्या आहेत. समोर पाटल्यांचे दोन जोड आहेत. दोन्ही सारखेच पिवळे, सारखेच झळझळीत. मुलीला एक आवडला आहे, आईला दुसरा. तेवढ्यात आत्या म्हणते, “शेठजी, दोन्हींचा कस एकाच दगडावर घेऊन दाखवा.” मुलीची आई ओशाळून हळूच म्हणते, “आत्याबाई, घरचेच सराफ आहेत. त्यांना काय वाटेल?” सराफ काही बोलत नाही. तो गल्ल्याशेजारची एक काळी वडी काढतो, कपड्याने पुसतो आणि कामाला लागतो.

या प्रसंगात चूक कोणाची? आत्येने अविश्वास दाखवला काय? की मुलीच्या आईने भिडेपोटी एक आवश्यक गोष्ट टाळू पाहिली? सर्वसाधारण कुटुंबाच्या आयुष्यात सोन्याची खरेदी ही घर बांधण्याच्या खालोखालची मोठी खरेदी असते. तो नुसता दागिना नसतो. आजारपणात, दुष्काळात, मुलांच्या शिक्षणाच्या वेळी कामी येणारी ती शिल्लक असते. ही शिल्लक किती खरी आहे, हे बहुधा ती मोडायला नेतो त्या दिवशी कळते. आणि तो दिवस सहसा अडचणीचाच असतो. म्हणून पारख व्हायची ती घेतानाच झाली पाहिजे.

‘सराफ’ या शब्दातच पारखीचा अर्थ दडलेला आहे. हा मूळचा अरबी शब्द असून नाण्यांची पारख आणि अदलाबदल करणारा, असा त्याचा अर्थ होतो. एके काळी देशात एकच रुपया चालत नसे. निरनिराळ्या संस्थानांच्या टांकसाळी होत्या. शिंद्यांच्या राज्यातच लष्कर, उज्जैन अशा ठिकाणी नाणी पडत. प्रत्येक रुपयातील चांदी आणि वजन थोडे वेगळे. परगावचा रुपया घेऊन आलेल्या माणसाला सराफ तो पारखून, ठरावीक सूट कापून स्थानिक नाणे देई. त्या कापलेल्या रकमेला ‘बट्टा’ म्हणत. नाण्याला लागणारा हा बट्टा पुढे माणसाच्या नावालाही लागू लागला. दागिन्यांचा व्यापार हा सराफाचा नंतर वाढलेला धंदा होय. त्याचा मूळ धंदा पारखीचा.

त्या पारखीचे साधन म्हणजे कसोटी. संस्कृतातील ‘कष्’ या धातूचा अर्थ घासणे. त्यावरूनच कस, निकष आणि कसोटी हे शब्द आले. हलक्या सोन्याला ‘हिणकस’ म्हणावे, निर्भेळ सोन्याला ‘बावनकशी’ म्हणावे, आणि माणसाचाही संकटात ‘कस लागावा’, ही सारी भाषा या एका काळ्या दगडाने मराठीला दिली आहे. कसोटीचा दगड काळा, कठीण आणि अत्यंत बारीक कणांचा असावा लागतो. काळा अशासाठी की त्यावर सोन्याच्या रेघेचा रंग उठून दिसावा. कठीण अशासाठी की सोने झिजावे पण दगड झिजू नये. आणि तेजाब टाकले तरी त्या दगडावर परिणाम होऊ नये, हा त्याचा तिसरा गुण. प्राचीन ग्रीक लोकही असाच दगड वापरत आणि लिडिया या देशाच्या नावावरून त्याला लिडियाचा दगड म्हणत.

दागिन्याची कड दगडावर दाबून घासली की एक पिवळी रेघ उमटते. आता येथेच खरी गोम आहे. त्या एकट्या रेघेवरून फारसे काही कळत नाही. शुद्ध सोने फार मऊ असते. दागिना टिकावा म्हणून त्यात तांबे किंवा चांदी मिसळावी लागते. तांबे अधिक झाले तर सोन्याला तांबूस झाक येते. चांदी अधिक झाली तर ते फिके, किंचित हिरवट दिसते. पण दोन्ही धातू प्रमाणात मिसळले तर हलके सोनेही डोळ्यांना छान पिवळे दिसते. पितळेचीदेखील रेघ पिवळीच असते. म्हणजे रंग हा साक्षीदार आहे खरा, परंतु एकट्याच्या साक्षीवर निकाल देण्याइतका तो विश्वासू नाही.

म्हणून जाणता पारखी दुसरी रेघ ओढतो. त्याच्याजवळ सोन्याची टोके लावलेल्या सुयांचा एक जुडगा असतो. प्रत्येक सुईच्या सोन्याची शुद्धता आधीपासून ठाऊक असते. दागिन्याच्या रेघेशेजारी, तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच दाबाने या सुईची रेघ ओढली जाते. मग दोन्ही रेघांवरून तेजाबाचा थेंब आडवा फिरवला जातो. नायट्रिक आम्ल सोन्याला शिवत नाही, पण तांबे व चांदी विरघळवते. पितळेची रेघ तर हिरवट फेस येऊन पाहता पाहता नाहीशी होते. हलक्या सोन्याची रेघ फिकी पडते. उंच कसाच्या सोन्यासाठी त्या आम्लात हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश मिसळावा लागतो. मग दोन रेघांपैकी कोणती आधी फिकटली, कोणती टिकली, हे पाहायचे. अकबराच्या काळी ही रीत इतकी प्रचलित होती की अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त सुयांच्या साहाय्याने सोने पारखण्याच्या या विद्येला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. परीक्षा संपली की दगडावर मेणाचा गोळा दाबून रेघेतील सोन्याचे कण टिपून घेतले जातात. धंद्यात कणभरही वाया जात नाही.

या सर्व कृतीचे सार एका वाक्यात सांगता येईल: परीक्षा म्हणजे तुलना. दगड एकच, हात एकच, दाब एकच, आम्ल एकच, आणि बदललेली वस्तू तेवढी एक. एवढे सांभाळले तरच दोन रेघांतील फरक हा दोन सोन्यांतील फरक ठरतो. एरवी तो दगडाचा, हाताचा किंवा उजेडाचा फरक असू शकतो.

हा नियम केवळ सोन्यालाच लागू आहे असे नव्हे. अगदी दूरच्या क्षेत्रातील एक उदाहरण घेऊ. काश्मीरच्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो विलायतेतून आणून तेथे वाढवण्यात आला. हा मासा पकडण्यासाठी शौकीन लोक पिसांची खोटी माशी दोऱ्याला बांधून पाण्यावर अलगद टाकतात. माशीला वजन जवळजवळ नसतेच; म्हणून लवचिक काठीच्या झोताने जड दोराच पुढे फेकला जातो आणि त्याच्यामागून माशी जाते. अशी काठी पूर्वी बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून बनवत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर त्यासाठी कलकत्त्याहून जाणारा बांबू वापरत. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. त्यानंतर काचतंतूच्या आणि 1970 नंतरच्या दशकात कर्बतंतूच्या काठ्या आल्या.

दुकानात अशा दहा काठ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांतील कित्येकांवर एकच आकडा असतो. तो आकडा कोणत्या वजनाचा दोर त्या काठीला मानवेल हे सांगतो. पण एकाच आकड्याच्या दोन काठ्या हातात एकसारख्या वागत नाहीत. एक केवळ टोकाशी वाकते, दुसरी मुठीपर्यंत. नवखा गिऱ्हाईक दुकानातच काठी हलवून पाहतो आणि माना डोलावतो. परंतु दोराच्या भाराविना हललेली काठी पाण्यावर कशी वागेल हे त्यातून समजत नाही. जाणकार मनुष्य दोन्ही काठ्या मोकळ्या मैदानावर नेतो. दोर एकच, दोर गुंडाळण्याचे चाकही एकच. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधतो. आधी जवळ, मग मध्यम अंतरावर, मग लांब अशी फेक करतो. दुसऱ्या काठीने तेच करतो. आणि हात थकल्यामुळे किंवा सरावल्यामुळे निकाल बिघडू नये म्हणून पुन्हा पहिली काठी हाती घेतो. किंमत आणि नाव तो शेवटी पाहतो. सराफाच्या दगडावरील दोन रेघा आणि गवतावर पडलेले हे दोन दोर यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही.

आता कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण साधनाची मर्यादा न ओळखणारा त्याच्याकडूनच फसतो. दगडावर घासला जातो तो दागिन्याचा वरचा थर. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत दुसराच धातू असेल तर रेघ सोन्याचीच उमटेल. म्हणून जुना सराफ मोडीचे सोने घेताना एकाच ठिकाणी घासत नाही. कडी, फासा, सांधा अशा जागा पाहतो आणि शंका आल्यास कानस लावून आतला धातू उघडा करतो. सांध्यांवरील डाख हा तर वेगळाच विषय आहे. दागिन्याचे तुकडे जोडण्यासाठी लागणारे डाखाचे सोने लवकर वितळावे म्हणून त्यात इतर धातू अधिक घालतात. मध्यंतरी यासाठी कॅडमियम वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘केडीएम’ ही अक्षरे शुद्धतेची खूण म्हणून मिरवू लागली. वस्तुतः ती डाखाची खूण होती, शुद्धतेची हमी नव्हे. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असते. भारतीय मानक ब्युरोला ही पद्धत मान्य नाही.

दुसरी परीक्षा वजनाची. राजाच्या मुकुटातील खोट पाण्याच्या साहाय्याने शोधणाऱ्या आर्किमिडीजची गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. शुद्ध सोने सममात्र पाण्याच्या 19.3 पट जड आहे; चांदी साडेदहा पट आणि तांबे सुमारे नऊ पट. त्यामुळे भेसळ झाली की सोन्याचे विशिष्ट गुरुत्व उतरते. तथापि टंगस्टन नावाचा धातू सोन्याइतकाच जड असतो. तो आत दडवला तर वजनाची परीक्षा निरुत्तर होते. शिवाय खडे, लाख किंवा पोकळ घडण असलेल्या दागिन्याला ही रीत नीट लागू पडत नाही.

शेवटचा निर्णय अग्नीचा. या परीक्षेत दागिन्यातून काढलेला लहानसा नमुना शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे आणि तांब्यासारखे हीण त्या मुशीत शोषले जाते; उरलेल्या गोळीतील चांदी नायट्रिक आम्लाने काढून टाकतात; आणि मागे राहते ते निव्वळ सोने. त्याचे वजन मूळ नमुन्याच्या वजनाशी ताडून पाहिले की शुद्धता कळते. कुशल पारख्याची कसोटीही हजारात दहा-वीस भागांनी चुकू शकते. अग्निपरीक्षा त्याहून कितीतरी सूक्ष्म आहे. अलीकडे क्ष-किरणांच्या यंत्रावर क्षणात आकडा दिसतो, पण तेही यंत्र वरच्या पातळ थरापलीकडे पाहू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सामान्य ग्राहकाने या सर्व परीक्षा स्वतः कराव्यात अशी अपेक्षा नाही. त्याच्या वतीने ते काम व्हावे म्हणूनच सरकारी छापाची व्यवस्था आहे. सोन्याच्या शुद्धतेत कायद्याने हात घालण्याचा याहून कठोर प्रयोग देशाने 1963 मध्ये पाहिला. त्या वर्षीच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी घातली आणि असंख्य सोनारांच्या भट्ट्या विझल्या. 1966 मध्ये ती मर्यादा उठली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदाही 1990 मध्ये रद्द झाला. आजच्या व्यवस्थेचे स्वरूप निराळे आहे. ती कोणते सोने घ्यावे हे सांगत नाही. घेतलेले सोने कोणते आहे एवढे सांगते. भारतीय मानक ब्युरोने 2000 मध्ये सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाशिवाय असे दागिने विकण्यास मनाई झाली. दोन ग्रॅमहून कमी वजनाचे डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ अशा प्रकारांना या सक्तीतून सूट आहे.

दागिन्यावर भिंगातून तीन खुणा पाहाव्यात: ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि तो सहा अक्षरी-अंकी क्रमांक. तो क्रमांक ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर घातला की त्या दागिन्याची नोंद दिसते. शंका असल्यास मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून दागिना तपासून घेता येतो. छापापेक्षा शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

आकड्याचा अर्थ मात्र प्रत्येकाने समजून घ्यावा. चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने ते बावीस कॅरेट. हजारात मोजले तर 916. अठरा कॅरेटचे 750, चौदाचे 585. आता दोन पाटल्यांच्या जोडांची तुलना करू. एक जोड बावीस कॅरेटचा, वीस ग्रॅम वजनाचा. त्यात शुद्ध सोने 18.32 ग्रॅम. दुसरा अठरा कॅरेटचा, बावीस ग्रॅम. त्यात शुद्ध सोने 16.50 ग्रॅम. म्हणजे हाताला जड लागणाऱ्या दुसऱ्या जोडात 1.82 ग्रॅम सोने कमीच आहे. यापुढे घडणावळ आणि घट यांचा हिशेब येतो. एका दुकानी भाव कमी आणि घडणावळ जास्त, तर दुसरीकडे त्याच्या उलट. खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लागले आहे की वेगळे काढले आहे, हेही विचारावे. दोन दागिन्यांची तुलना करताना हे सर्व आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक मांडावेत. हा कागद म्हणजे ग्राहकाच्या हातातील कसोटीच होय. आणि पावतीवर शुद्धता, निव्वळ सोन्याचे वजन, भाव व घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.

एवढे झाल्यावर पुन्हा त्या आत्येच्या मागणीकडे वळू. तिने सराफाचा अपमान केला काय? या प्रश्नाचे उत्तर कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सापडते. सोन्याच्या परीक्षेविषयी लिहिताना कौटिल्याने कलिंग देशाचा किंवा तापी नदीचा, मुगाच्या रंगाचा दगड उत्तम मानला आहे. तापी म्हणजे खानदेशातून वाहणारी आपलीच तापी. नखात लपवलेल्या गेरूची पूड घासून रेघेचा रंग खुलवणाऱ्या लबाडांचाही तो उल्लेख करतो. परंतु त्याहून मार्मिक आहे ते त्याने केलेले कसोट्यांचे वर्गीकरण. काही दगड सोन्याचा रंग आहे त्याहून चांगला दाखवतात. ते विकणाऱ्याच्या फायद्याचे. काही दगड रंग आहे त्याहून कमी दाखवतात. ते विकत घेणाऱ्याच्या फायद्याचे. आणि जो दगड आहे तसाच रंग दाखवतो, तो विक्रेता व ग्राहक या दोघांच्याही हिताचा.

कसोटी अविश्वासातून मागितली जात नाही, हेच यातून स्पष्ट होते. ज्या दुकानदाराचे सोने खरे आहे, त्याला परीक्षेने काही गमवावे लागत नाही. उलट शेजारच्या हलक्या मालापासून त्याचा माल वेगळा ओळखला जातो. भिडेने टळलेली परीक्षा मात्र दोघांनाही महाग पडते: ग्राहकाचे सोने जाते आणि पुढेमागे सराफाचे नाव जाते.

सराफाने दगडावर शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या आहेत. मुलीची आई आता ओशाळलेली नाही. तीही वाकून पाहू लागली आहे. तेजाबाची काडी फिरते. एक रेघ तशीच राहते, दुसरी किंचित फिकी होते. सराफ दुसरा जोड बाजूला सारून शांतपणे म्हणतो, “हा अठराचा आहे. छापही तसाच आहे, भावही तसाच लागेल. आता कोणता द्यायचा ते तुम्ही सांगा.” घरच्या सराफाने घरच्या माणसांशी वागावे ते असे.